धुऱ्याचं भांडण खुनापर्यंत पोचतं कसं, आणि मध्ये अडवायचं कुठे?

"धुऱ्याच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या, वादातून चुलत भावाचा खून." "क्षुल्लक कारणावरून कुऱ्हाडीने वार." यवतमाळ असो, बुलढाणा असो की चंद्रपूर, पेपरच्या जिल्हा पानावर अशी बातमी अधूनमधून येतेच. चार-सहा ओळी असतात: आरोपी अटकेत, पुढील तपास ठाणेदार करीत आहेत. वाचणारा म्हणतो, लोकांचं डोकं फिरलंय, हातभर जमिनीसाठी कोणी जीव घेतं का?

पण त्याच गावात जाऊन पारावर बसलं, तर वेगळंच ऐकू येतं. "हे कधी ना कधी होनारच होतं भाऊ." म्हणजे गावाला माहीत होतं. कोतवालाला माहीत होतं, पोलीस पाटलाला होतं, ठाण्यातल्या जमादाराच्या रजिस्टरात दोघांची नावंही होती. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अडवणं मात्र कोणाचंच काम नव्हतं. हिंसा होण्याआधी ती रोखायचं जे शास्त्र जगभरात उभं राहिलं आहे, ते या रिकाम्या जागेबद्दल बोलतं. विदर्भातल्या गावात त्याचा काय उपयोग, ते बघू.

### आधी हिंसा कोणती, ते ठरवू

घराच्या चार भिंतींबाहेर, शेजारीपाजारी, भाऊबंद किंवा गावातल्या दोन गटांमध्ये जी मारहाण, हल्ला, खून होतो त्याला 'सामुदायिक हिंसा' म्हणतात. नवऱ्यानं बायकोला मारणं कायद्यानं आणि अभ्यासात वेगळ्या कप्प्यात जातं. गावात मात्र हे कप्पे एकमेकांत मिसळतात. घरात मारणारा माणूस बाहेरही हात उगारतो, आणि त्याच्या घरातलं पोरगं ते बघत मोठं होतं.

शहरातल्या टोळ्या आणि बंदुका इथे नाहीत. हत्यार म्हणजे कुऱ्हाड, विळा, तुतारी (बैल हाकायची टोकदार काठी), उभारी (बैलगाडीचा दांडा). जे शेतात हाताशी असतं ते. मारणारा आणि मरणारा बहुतेक वेळा एकमेकांना जन्मापासून ओळखतात. कारणंही ठरलेली: धुरा, पांदण (शेतात जायचा) रस्ता, विहिरीचं पाणी, दारू, पोरीवरून झालेली बोलाचाली, ग्रामपंचायतीची निवडणूक, करणीचा संशय, आणि जात.

### यात डॉक्टर कुठून आले?

१९९६ साली जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचं म्हटलं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावर मोठा अहवाल काढला. मुद्दा साधा होता. हिवताप आला की आपण फक्त रुग्णाला गोळी देत नाही; डबकी कुठे आहेत, पुढचा कोण आजारी पडेल, हेही बघतो. हिंसेच्या बाबतीत मात्र जगभर फक्त शेवटच्या माणसाला पकडायचं काम चाललं होतं.

अमेरिकेत गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगतज्ज्ञानं हा विचार रस्त्यावर उतरवला. आफ्रिकेत क्षयरोग, कॉलरा आणि एड्सवर काम करून तो शिकागोला परतला, आणि तिथल्या गोळीबाराचे नकाशे त्याला साथीच्या नकाशांसारखे दिसले. एक गोळीबार झाला की त्याच्याच आसपास बदल्याचा दुसरा होतो. २००० साली त्यानं शिकागोच्या एका वस्तीत काम सुरू केलं. त्यासाठी माणसं घेतली ती त्याच वस्तीतली, काही तर पूर्वी स्वतः टोळीत असलेली. त्यांचं काम एकच: कोण कोणावर खार खाऊन आहे ते ओळखायचं, आणि हत्यार निघण्याआधी त्याच्याशी जाऊन बोलायचं. पोलिसांना खबर देणं हे त्यांचं काम नव्हतं, म्हणून तर पोरं त्यांच्याशी बोलायची.

हे सगळीकडे सारखं चाललं नाही, हेही सांगायला हवं. काही वस्त्यांत गोळीबार कमी झाले, काही ठिकाणी अभ्यासकांना ठोस फरक दिसला नाही. माणसं कोणती निवडली आणि पैसा सलग मिळाला की मध्येच आटला, यावर बरंच अवलंबून होतं. ही अट आपल्याकडेही तितकीच लागू आहे.

### धुरा, एनसी आणि मधली तीन वर्षं

समजा, दोन चुलत भाऊ. आजोबांची जमीन तोंडी वाटून झालेली. सातबारा वेगळा झाला, पण मोजणी कधी झालीच नाही. जूनमध्ये ट्रॅक्टरनं वखरणी करताना एकाकडून धुरा एका तासाएवढा, म्हणजे नांगराच्या एका ओळीएवढा, कोरला जातो. दुसरा विचारतो, "काहून बे, धुरा काहून कोरला?" शिव्या होतात, ढकलाढकली होते. दुसरा ठाण्यात जाऊन 'रिपोर्ट' देतो.

ठाण्यात लिहून घेतात ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून तक्रारदाराच्या हातात प्रत देतात आणि कोर्टात जा म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. गावात मात्र त्याचे दोन अर्थ लागतात. तक्रार करणारा समजतो, पोलिसांनी काहीच केलं नाही, आता आपलं आपणच बघायला पाहिजे. ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली तो समजतो, माझं काही वाकडं होत नाही. वर हा मला ठाण्याची पायरी दाखवतो! एका कागदानं दोघंही आधीपेक्षा जास्त तापलेले असतात.

मग शांतता. हा काळ सगळ्यात फसवा असतो, कारण बाहेरून भांडण मिटल्यासारखं दिसतं. आतून मोटारीची वायर कापली जाते, उभ्या पऱ्हाटीत (कपाशीत) ढोरं घुसतात, लग्नाची पत्रिका जात नाही, पोरं शाळेत एका बाकावर बसत नाहीत. दुसरी एनसी होते, कधी तिसरीही. त्यानंतर पोळ्याची कर येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मटण, दारू आणि पत्त्यांचा डाव ठरलेला. त्या दिवशी दोघं समोरासमोर येतात, आणि पेपरला 'क्षुल्लक कारण' मिळतं.

या मधल्या काळात करता येण्याजोगं बरंच असतं, आणि त्यातलं बहुतेक सरकारी कपाटात तयार पडलेलं आहे. वाद हद्दीचा असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून तिच्या नकाशाची 'क' प्रत घेता येते. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं घासण्यापेक्षा हे लवकर होतं. फक्त अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. सहा महिन्यांची ही मुदत किती शेतकऱ्यांना माहीत असते? मुदत संपल्यावर वकिलाकडे जाणारा माणूस परत येतो तो हात हलवत, आणि त्याच्याकडे उरतो तो राग.

पोलिसांकडेही एक साधन आहे. गावात त्याला 'चॅप्टर केस' म्हणतात. माणूस शांतता बिघडवेल असं दिसत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली (जुनं कलम १०७) कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बॉन्ड घेऊ शकतात. पण चॅप्टर केस सहसा सणावाराच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर ढिगानं होतात, ठरलेल्या नावांवर. दोनदा एनसी झालेल्या चुलत भावांवर वेळेत होईलच असं नाही. आणि नुसत्या बॉन्डनं धुरा सरळ होत नाही. बॉन्ड आणि मोजणी सोबत झाली, तरच त्याला अर्थ.

### बोंडअळीचा हिशेब

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली, तेव्हापासून आपल्याला एक गोष्ट पाठ झाली आहे. बोंड फोडून अळी दिसली म्हणजे उशीर झाला. म्हणून आता कामगंध सापळे, म्हणजे वासानं पतंग ओढणारे सापळे, लावतात, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की फवारणीची वेळ आली असं समजतात. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करतात. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही राखलेली जुनी पऱ्हाटी, ठेवत नाहीत, कारण त्यातली अळी पुढच्या हंगामात उतरते. आणि एकट्यानं सापळे लावून भागत नाही. शेजारच्यानं फरदड ठेवली की तुमचंही गेलं.

हिंसेचा हिशेब असाच करता येतो. पतंग मोजायचे म्हणजे खुणा मोजायच्या. त्याच दोन माणसांत दुसरी एनसी. हत्यार दाखवून दिलेली धमकी. वायर कापणं, गंजी पेटवणं यासारखं नुकसान. दोघांपैकी एकाचं पिणं एकदम वाढणं. यातली एक खूण दिसली तर लक्ष ठेवायचं. दोन-तीन एकदम दिसल्या तर पोलीस पाटील, बीट जमादार आणि तलाठी यांनी त्याच आठवड्यात एकत्र बसायचं. पोलीस पाटलाला हे काही नवीन ओझं होणार नाही. गावच्या शांततेबद्दल ठाण्याला कळवत राहणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं त्याचंच काम आहे. कमी पडतं ते पुढचं: कळवल्यावर कोणी काय करायचं, हे ठरलेलं नसतं.

फरदडीची जागा घेते ती जुनी खुन्नस. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घरातल्या पोराला पुढची दहा वर्षं गावात काय ऐकवलं जातं, यावर पुढचा गुन्हा ठरतो. त्यावर खाली येऊ.

### दारू बंद केली की झालं?

विदर्भात हा प्रयोग तीन जिल्ह्यांत झाला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी जुनी आहे. गडचिरोलीत ती लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. तेव्हाचा वाद आठवत असेल: एक बाजू म्हणाली, चोरटी दारू आणि गुन्हेगारी वाढली, दुसरी म्हणाली, अंमलबजावणी न करता बंदीलाच दोष का देता?

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू दारूच्या दुकानाकडे बघत होत्या, आणि खरा फरक पडतो गावातल्या संघटनेनं. गडचिरोलीत बंदीनंतर वीसेक वर्षांनी, २०१६ मध्ये, 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू करावा लागला. बंदी कागदावर होती, मोहफुलाची दारू गावात होती. तिथे गावागावांत संघटना बांधल्या गेल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन सोडवण्यासाठी क्लिनिकं सुरू झाली. विक्री अडवायची आणि पिणाऱ्याला उपचार द्यायचे, ही जोडी महत्त्वाची. नुसती बाटली काढून घेतली आणि माणूस तसाच ठेवला, तर तो शेजारच्या गावात जातो आणि रात्री पीत पीत परत येतो.

जिथे बंदी नाही तिथे बायकांच्या हातात 'आडवी बाटली' आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचं दुकान बंद होतं. 'एकूण' इथे महत्त्वाचं. जी बाई घरी राहिली, मजुरीला गेली किंवा माहेरी गेली, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं पडतं. म्हणून मतदान निंदणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत आलं की जिंकणं अवघड.

### करणीचा संशय: आधी ताप बघा

चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून काही जणांना चौकात बांधून मारहाण झाली. त्यात म्हातारी माणसंही होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि त्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूदही आहे.

पण अशा प्रकरणांची सुरुवात पाहिली तर बहुतेकदा एखादं आजारपण सापडतं. लेकरू दगावतं, कोणाची झोप उडते, एखादी बाई अंगात आल्यासारखं करते. घरचे देवऋषीकडे जातात आणि तो एका नावाकडे बोट दाखवतो. त्या नावाची बाई सहसा एकटी, विधवा, किंवा गरीब घरातली. म्हणजे पहिली खूण ठाण्याच्या आधी आशाताईला दिसते. तिनं "त्या घरी बाहेरचं लागलं म्हणतात" एवढं ऐकलं, तरी आरोग्य केंद्रातला डॉक्टर त्या घरी पोचायला हवा आणि पोलीस पाटील त्या बाईच्या घरी. दोघंही एकाच दिवशी.

### "पण तंटामुक्ती समिती आहे की!"

आहे. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. वाद होऊ नयेत, झालेले गावातच मिटावेत, आणि नवे उभे राहू नयेत, अशी तिची मांडणी होती. कल्पना चांगली होती आणि पहिल्या काही वर्षांत अनेक गावांत हजारो किरकोळ खटले मागे घेतले गेले, कोर्टाच्या खेपा वाचल्या. पुढे बऱ्याच गावांत अध्यक्षपद राजकारणाची पहिली पायरी झालं, आणि समितीची आठवण प्रेमी जोडप्याचं लग्न लावून देण्यापुरती उरली.

मोठी अडचण बक्षिसात होती. गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस मिळायचं. मग ठाण्यात तक्रार जाणं म्हणजे गावाचे गुण जाणं, असं वाटायला कितीसा वेळ लागतो? ज्याचं गावात वजन कमी, त्यालाच सांगितलं जातं, "मिटव ना भाऊ, गावासाठी."

भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तिथेही मागे शेतातल्या रस्त्याचा वाद होता, आणि शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत या कुटुंबातल्या बायका साक्षीदार होत्या. त्या मारहाणीतले आरोपी जामिनावर सुटले, त्याच दिवशी हे हत्याकांड झालं. खुणा मोजणारं कोणी असतं, तर त्या दिवशी साक्षीदारांच्या घरासमोर पोलीस असते. याच खैरलांजीला २०१० मध्ये तंटामुक्त गावाचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. हिशेबाच्या दृष्टीनं त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. तक्रारी कमी म्हणजे शांतता जास्त, असं धरलं की हेच उत्तर निघतं.

म्हणून रेघ स्पष्ट हवी. धुरा, पाणी, उधारी यात गावानं मध्यस्थी करावी. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचारप्रतिबंधक कायद्यातला गुन्हा, बलात्कार, करणीच्या नावाखाली मारहाण, यात समितीचं काम तडजोड घडवायचं नाही. तक्रारदाराला सोबत घेऊन ठाण्यात जायचं आणि साक्षीदाराला एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच. बहिष्कार बहुतेकदा साक्षीदारावर पडतो: पीठगिरणी बंद, मजुरी बंद, पाणी बंद. तिथे तहसीलदारानं आठवड्यात हजर व्हायला हवं.

### "भांडखोरांचे लाड कशाला?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. एकानं कुऱ्हाड उगारायची आणि त्यालाच समुपदेशन, त्यालाच काम. सरळ वागणाऱ्यानं काय घोडं मारलं?

उत्तर असं की शिक्षा रद्द करा असं कोणी म्हणत नाही. खून झाला की कोर्ट आहेच. पण शिक्षेनं मेलेला परत येत नाही, आणि दोन घरं बसतात: एकाचा कर्ता स्मशानात, दुसऱ्याचा तुरुंगात. दोन्हीकडच्या बायका त्याच हंगामात कर्जाचा हप्ता कसा भरायचा या विवंचनेत. ज्याचा माणूस गेला त्या घराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते, पण ते सांगायला कोणी जात नाही. आरोपीच्या घरच्या पोरांना तर विचारतंच कोण? दहा वर्षांनी एक पोरगा बदला घेण्याच्या वयाचा होतो आणि दुसरा 'खुन्याचं पोरगं' म्हणून ऐकून घेण्याच्या वयाचा. शाळा सुटू न देणं, वसतिगृहात जागा मिळवून देणं, आईला बचत गटात ओढणं ही कामं दयेपोटी करायची नाहीत. पुढचा गुन्हा अडवायचा हाच त्यांचा हेतू.

ज्या तरुणांबद्दल ही धास्ती असते त्यांच्याकडेही नीट बघा. तीन एकर कोरडवाहू, कापसाला भाव नाही, तिशी उलटली तरी लग्न जमत नाही, मोबाईलवर सट्ट्याची उधारी. त्यातला एखादा राग स्वतःवर काढतो, एखादा दुसऱ्यावर. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन तणावाखालची माणसं ओळखायची अशी सोय होती. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हे सगळं आत्महत्या डोळ्यापुढे ठेवून उभारलं गेलं. तीच आशाताई, तेच दार, तोच माणूस. तिनं आणखी एक प्रश्न विचारायचा: कोणाशी वैर चाललं आहे का?

एक वेळ मात्र हमखास चुकते. शिक्षा भोगणारा माणूस संचित रजेवर किंवा पॅरोलवर गावात येतो, तेव्हा ठाण्याला कळवलेलं असतं. ज्या घरातला माणूस त्यानं मारला त्या घराला मात्र तो एसटी स्टँडवर दिसतो तेव्हा कळतं. दोन दिवस आधी पोलीस पाटलानं त्या घरी जाऊन सांगावं, त्याला गावाबाहेर नातेवाइकाकडे उतरवता येतं का ते बघावं. याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

### काम होतंय हे कळणार कसं?

तक्रारींचा आकडा कमी झाला का, हे बघू नका. काम नीट सुरू झालं तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतीलच, कारण आजवर गप्प बसलेली माणसं ठाण्यात जाऊ लागतील. ठाणेदाराला यावरून वरून बोलणी बसणार नाहीत, एवढी काळजी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकानं घ्यायला हवी. नाही तर दुसऱ्या वर्षी रजिस्टर पुन्हा कोरं.

बघायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. पहिल्या एनसीनंतर त्याच दोघांची दुसरी एनसी किती प्रकरणांत आली? पहिल्या एनसीपासून मोजणी होईपर्यंत किती महिने गेले? रस्त्याचे किती दावे सहा महिन्यांच्या मुदतीत दाखल झाले? आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात, मारहाणीत डोकं फुटलं म्हणून टाके घालायला वर्षभरात किती जण आले? ते रजिस्टर कोणत्याही बक्षिसाशी जोडलेलं नाही, म्हणून त्यातला आकडा बराचसा खरा असतो.